उन्हाळ्यांतील तापलेलें पाणी व शिंपल्याचें पचन

समुद्र आपल्या खानदेशापासून दूर आहे. आणि तापी, गिरणा, पांझरा यांच्या वाळूंत सांपडणारा शिंपला मुलांच्या खेळण्यापलीकडे फारसा कोणाच्या विचारांत येत नसे. परंतु अलीकडे ही स्थिति पालटली आहे. सन २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यानंतर जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांत अनेक शेतकऱ्यांनीं शेततळीं खोदलीं. तळें हातीं आलें म्हणजे त्यांतील पाण्यापासून भिजवणीखेरीज आणखी कांहीं उत्पन्न काढतां येईल काय, असा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. मत्स्यपालनाचा मार्ग बहुतेकांस ठाऊक आहे. त्याच्या जोडीस आतां गोड्या पाण्यांतील मोत्यांच्या शेतीचें नांव वरचेवर ऐकूं येतें.

या धंद्यासंबंधानें जी माहिती शेतकऱ्याच्या कानीं पडते, तींत शिंपल्यांची किंमत, शस्त्रक्रियेची रीत व मोत्यांचा भाव यांचा तपशील भरपूर असतो. परंतु शिंपला काय खातो, खाल्लेलें कसें पचवितो, आणि वैशाखांतील पाण्यांत तें पचन नीट चालतें कीं नाहीं, याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. आमच्या मतें नफातोट्याचा निकाल येथेंच लागतो. जनावर विकत घेण्यापूर्वीं वैरणीची सोय पाहणारा शेतकरी शिंपले घेतांना मात्र तीच गोष्ट विसरतो, असें होऊं नये म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

शिंपला खातो कसा

शिंपल्यास डोकें नाहीं, दांत नाहींत, जीभहि नाहीं. दोन कवचांच्या आंत मऊ अंग, त्यावर प्रावरण नांवाचा पातळ पडदा, आणि दोन्ही बाजूंस कल्ले अशी त्याची रचना आहे. प्रावरणाच्या पेशी कवचाला आंतून जो चकचकीत थर देतात, तोच थर आंत घातलेल्या मण्याभोंवतीं बसला म्हणजे मोती होतो. कल्ल्यांवर अतिसूक्ष्म केंस असून ते एकसारखे हालत राहतात. त्या योगानें पाण्याचा प्रवाह एका वाटेनें आंत येऊन दुसऱ्या वाटेनें बाहेर जातो. या प्रवाहांतून शिंपला प्राणवायु घेतो, व त्याच वेळीं पाण्यांत तरंगणारीं सूक्ष्म शेवाळें गाळून घेतो. म्हणजे श्वास घेणें आणि अन्न मिळविणें हीं दोन्ही कामें तो एकाच अवयवानें करितो. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण कवच मिटलें कीं दोन्ही कामें एकदम बंद पडतात.

गाळलेले कण चिकट द्रवांत गुंडाळले जाऊन तोंडाकडे जातात. तेथें त्यांची निवड होते, व माती वगैरे नको असलेला भाग पोटांत न जातांच बाहेर टाकला जातो. खळ्यांत उफणून दाणा व भूस वेगळें करावें, तसाच हा प्रकार समजावा.

पुढें अन्नाचें पचन दोन टप्प्यांनीं होतें. पहिला टप्पा पोटांत होतो. तेथें काचेसारखी पारदर्शक व मऊ अशी एक कांडी असते. रवी फिरावी तशी ती स्वतःभोंवतीं फिरत राहते, आणि तिचें टोंक पोटांतील एका टणक भागावर घांसून झिजत जातें. झिजतांना तींतून पिष्टमय पदार्थ पचविणारीं द्रव्यें सुटतात, व अन्न घुसळलेंहि जातें. एका टोंकास ही कांडी झिजते आणि दुसऱ्या टोंकास ती नवी बनत राहते. शिंपला उपाशी राहिला किंवा बराच वेळ पाण्याबाहेर राहिला म्हणजे ही कांडी विरघळून जाते.

दुसरा टप्पा पाचक ग्रंथींत होतो. पोटाभोंवतीं हिरवट-तपकिरी रंगाचा जो गोळा दिसतो, तीच ही ग्रंथि. तींत असंख्य बारीक नळ्या असून त्यांच्या भिंतींतील पेशी अन्नाचे बारीक कण जसेच्या तसे गिळतात, आणि आपल्या आंतील सूक्ष्म पिशव्यांत कोंडून तेथें ते जिरवितात. या पिशव्यांत तीव्र पाचक द्रव्यें भरलेलीं असतात. गाईबैलांच्या पोटांत अन्न पेशींच्या बाहेर पचतें व मग त्याचा रस शोषला जातो; शिंपल्याच्या पचनाचा मोठा भाग पेशींच्या पोटांतच उरकतो. खर्च भागून उरलेलें पोषण ग्लायकोजेन नांवाच्या पिष्टमय द्रव्याच्या रूपानें अंगांत सांठविलें जातें. शिंपल्याचें कोठार तें हेंच. कवच वाढविणें, जखम भरून काढणें, अंडीं तयार करणें व मण्यावर थर चढविणें हा सर्व खर्च या कोठारांतून निघतो.

उष्णतेनें जमाखर्च कसा बिघडतो

बाहेर पारा कितीहि चढला तरी गाईबैलांच्या अंगाची उष्णता जवळजवळ कायम राहते. घाम व श्वास यांच्या वाटे तीं अधिक उष्णता बाहेर टाकतात. शिंपल्यास ही सोय नाहीं. पाणी २५ अंश सेंटिग्रेड असेल तर त्याचें अंगहि २५ अंश, आणि पाणी ३५ अंश झालें तर अंगहि ३५ अंश. अशा प्राण्यांच्या अंगाची उष्णता १० अंशांनीं वाढली म्हणजे नुसतें जिवंत राहण्याचा त्यांचा खर्च सामान्यतः दुप्पट ते तिप्पट होतो. हालचाल नाहीं, वाढ नाहीं, तरीहि अन्न व प्राणवायु दुपटीनें लागतो.

आतां जमेची बाजू पाहूं. पाणी थोडें ऊन झालें म्हणजे आरंभीं शिंपला अधिक पाणी गाळतो व अधिक खातो. म्हणूनच हिंवाळ्यापेक्षां बेताच्या उबदार पाण्यांत त्याची वाढ चांगली होते. परंतु ही वाढ एका मर्यादेपर्यंतच असते. ती ओलांडली कीं कल्ल्यांवरील केंसांची हालचाल मंदावते, शिंपला वारंवार कवच मिटून घेतो, आणि गाळण्याचें काम झपाट्यानें उतरतें. खर्चाची रेषा वर जात असतां जमेची रेषा खालीं येते. आणि या दोन रेषा जेथें एकमेकींस छेदतात, तेथून पुढें शिंपला आपलें कोठार खाऊं लागतो.

प्राणवायूचेंहि तसेंच आहे. गोडें पाणी २५ अंशांवर लिटरमागें सुमारें ८.३ मिलिग्रॅम प्राणवायु धरूं शकतें. ३५ अंशांवर तें सुमारें ७ मिलिग्रॅमच धरतें. म्हणजे मागणी दुप्पट झालेली, आणि पुरवठा सुमारें षष्ठांशानें घटलेला.

याहून सूक्ष्म हानि पाचक ग्रंथींत होते. पाचक द्रव्यें भरलेल्या ज्या पिशव्या आम्ही वर सांगितल्या, त्यांचीं आवरणें अति उष्णतेनें कमजोर होतात. मग आंतील द्रव्यें पाझरून पेशीच्याच अंगावर काम करूं लागतात. अन्न पचविण्यासाठीं ठेवलेलें शस्त्र घरच्या माणसांवर चालावें, तसें होतें. नळ्यांच्या भिंती पातळ पडतात, कांहीं पेशी झडून जातात, आणि पुढें थंड पाणी मिळालें तरी कांहीं काळ पचन पूर्वीसारखें चालत नाहीं. युरोपांत समुद्राच्या पाण्याची परीक्षा करितांना शिंपल्याच्या याच पिशव्यांचीं आवरणें किती टिकाव धरितात हें पाहण्याची रीत आहे; कारण प्राणी मरण्यापूर्वीं पुष्कळ आधीं ही खूण दिसूं लागते.

सारांश, तापलेल्या पाण्यांतील शिंपला बहुधा एकदम भाजून मरत नाहीं. भोंवतीं अन्न असतांहि तें घेण्याची व जिरविण्याची शक्ति उरत नसल्यामुळें तो हळूहळू उपाशी मरतो. मग एखादा साधा रोगजंतुहि त्यास पुरेसा होतो, आणि मालक मात्र ‘रोग आला’ असें म्हणतो.

समुद्रांतील अनुभव

हें केवळ तर्कानें सांगितलेलें नाहीं. समुद्रांतील शिंपल्यांवर हा प्रयोग निसर्गानेंच मोठ्या प्रमाणावर चालविला आहे. भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें १९५१ ते २०१५ या काळांत हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधांतील पृष्ठभागाचें पाणी सरासरीनें सुमारें १ अंशानें तापलें. सर्व जगांतील समुद्रांची सरासरी याच काळांत सुमारें ०.७ अंश होती. एक अंश म्हणजे थोडें, असें वाटेल. पण वरचें पाणी तापलें म्हणजे तें हलकें होऊन वरच राहतें, आणि खोल पाण्यांतील खत वर येईनासें होतें. परिणामीं सूक्ष्म शेवाळें कमी होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं असें दाखविलें कीं, पश्चिम हिंदी महासागरांतील हें सूक्ष्म अन्न मागील सहा दशकांत सुमारें २० टक्क्यांपर्यंत घटलें. खर्च वाढलेला आणि ताटांतील अन्नहि कमी झालेलें, अशी ही दुहेरी अडचण आहे. कोंकणांतील खाड्यांत तिसऱ्या, खुबे व कालवें काढून ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नाहीं.

परदेशांतील दोन उदाहरणें येथें देतों. फ्रान्सच्या किनाऱ्यावर २००८ सालापासून पाळीव कालवांचीं पिलें मोठ्या प्रमाणावर मरूं लागलीं. कारण एक विषाणु होता. पण पाणी सुमारें १६ अंशांच्या वर गेलें म्हणजेच त्याचा जोर चाले. दुसरें उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याचें. जून २०२१ च्या अखेरीस तेथें अपूर्व उष्णतेची लाट आली. ओहोटीच्या वेळीं खडकांवर उघडे पडलेले शिंपले तापून मेले, आणि त्या लाटेंत किनाऱ्यावरील शंभर कोटींहून अधिक प्राणी मेले असावेत असा तेथील शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जेथील शिंपला थंड पाण्यास सरावलेला, तेथें १६ अंशांचें पाणीहि घातक वेळ आणतें. आपल्या नद्यांतील शिंपले उष्णतेस अधिक सरावलेले आहेत, हें खरें. परंतु मर्यादा त्यांसहि आहे, आणि आपल्या उन्हाळ्यांत ते तिच्या बरेच जवळ राहतात.

नदींतील डोह व आपलें शेततळें

भुसावळ-जळगांवकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, हें वाचकांस सांगावयास नको. मग तापी-गिरणेंतील शिंपले आजवर जगले कसे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर डोहांत आहे. नदीचा शिंपला पायासारख्या मांसल अवयवानें सरकत खोल पाण्याकडे जातो व चिखलांत स्वतःस पुरून घेतो. वरचें पाणी कितीहि तापलें तरी चिखलांतील गारवा त्यास मिळतो. मोत्यांच्या शेतींत मात्र शिंपले जाळीच्या पिशव्यांत घालून बांबूस किंवा नळीस टांगलेले असतात. त्यांस सरकतां येत नाहीं, पुरून घेतां येत नाहीं. दाव्यानें उन्हांत बांधलेल्या जनावरासारखी त्यांची अवस्था असते. सावलीची सोय मालकानेंच केली पाहिजे.

आतां आपल्या तळ्याकडे पाहूं. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असें नेहमींचें तळें घेतलें, तर भर पावसाळ्यानंतर तें शिंपल्यांस पुरेसें खोल असतें. परंतु केळी, लिंबू किंवा भाजीपाला यांस पाण्याची खरी गरज चैत्र-वैशाखांतच लागते. म्हणजे उष्णता ज्या महिन्यांत सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत आपण तळें उपसतों. शिवाय कडक उन्हांत दररोज सुमारें एक सेंटिमीटर पाणी वाफेनें उडून जातें. खोली तीन मीटरांवरून एक मीटरावर आली कीं तळाशीं गार पाणी उरतच नाहीं. काळ्या प्लास्टिकच्या कागदानें तें आणखी तापतें, आणि कागदामुळें पुरून घेण्यास चिखलहि नसतो. बागाईत व मोती यांचा पाण्यावरील हक्क एकाच वेळीं येतो, आणि त्या वेळीं कोणताहि समंजस शेतकरी उभी बाग जळूं देणार नाहीं. म्हणून ज्या तळ्याचें पाणी उन्हाळ्यांत उपसावेंच लागतें, तें तळें मोत्यांसाठीं नव्हे, हें आम्ही स्पष्टपणें सांगतों.

याखेरीज उथळ व ऊन पाण्यांत दोन उपद्रव वाढतात. एक, निळसर-हिरवी साय धरणारें शेवाळ. पाणी हिरवें दिसतें म्हणून अन्न भरपूर आहे असें वाटतें; पण हें शेवाळ शिंपल्यास पोषक नसतें, त्याच्या कांहीं जाती विषारीहि असतात. दुसरा, अमोनिया. माशांच्या उरलेल्या खाद्यापासून व शेणापासून तो उत्पन्न होतो, आणि पाणी जितकें उष्ण व क्षारधर्मी, तितका त्याचा विषारी अंश अधिक. गोड्या पाण्यांतील शिंपले अमोनियास फार नाजूक असतात.

काय करावें

पहिली गोष्ट मोजणी. शिंपले घेण्यापूर्वीं एक उन्हाळा तळ्याचें पाणी मोजावें. एका बाटलीस खालीं वजन बांधावें, तिच्या बुचास वेगळी दोरी बांधावी, बाटली हवी तितकी खोल सोडून बूच ओढावें, आणि भरलेली बाटली वर काढून लगेच तींत उष्णतामापक घालावा. पृष्ठभाग, एक मीटर व तळ अशा तीन ठिकाणचें पाणी दुपारीं तीनच्या सुमारास व पहाटे, असें चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत आठवड्यांतून एकदां मोजून टिपून ठेवावें. प्राणवायु मोजण्याचें साधन मत्स्यपालकांकडे मिळतें. तो पहाटे मोजावा, कारण रात्रभर सर्व प्राणी व शेवाळें तो खर्च करितात व सूर्योदयापूर्वीं तो सर्वांत कमी असतो. तळाचें पाणी गार असलें तरी त्यांत प्राणवायु नसेल, तर तें निरुपयोगी आहे. गारवा व प्राणवायु हीं दोन्ही जेथें मिळतात, त्या खोलीवरच पिशव्या टांगाव्या. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धन संस्था सामान्यतः एक मीटर खोली सांगते. आपल्या उन्हाळ्यांत ती किती वाढवावी, हें आपल्या टिपणांवरून ठरवावें.

दुसरी गोष्ट लहान प्रयोग. शस्त्रक्रिया न केलेले पन्नास शिंपले एक उन्हाळाभर टांगून पाहावे. माघ अखेरीस त्यांपैकीं दहा व पाऊस पडण्यापूर्वीं दहा उघडून मांस व कवच निरनिराळें वाळवून तोलावें. कवचाच्या मानानें मांस फार घटलें असेल, तर तेवढें कोठार उन्हाळ्यानें खाल्लें असें समजावें. पाण्यांतून काढतांच शिंपला उघडला, तर पाचक ग्रंथि गर्द आहे कीं फिकट, व पारदर्शक कांडी आहे कीं नाहीं, हेंहि दिसतें. गर्द ग्रंथि व शाबूत कांडी ही पोट भरल्याची खूण होय. मेलेले किती हेंहि लिहून ठेवावें. ज्या तळ्यांत न कापलेला शिंपला उन्हाळा काढूं शकत नाहीं, तेथें कापलेला काय काढणार?

तिसरी गोष्ट ऋतु. शस्त्रक्रियेनें झालेली जखम भरून काढण्यास शिंपल्याच्या अंगीं पोषण पाहिजे. म्हणून हें काम पावसाळा सरल्यावर, कार्तिकापासून माघापर्यंत करावें. फाल्गुनानंतर शिंपल्यांस हात लावूं नये. मोती तयार होण्यास साधारणपणें वर्ष ते दीड वर्ष लागतें. म्हणजे कोणत्याहि हिशेबानें एक वैशाख मध्यें येणारच.

चवथी गोष्ट उन्हाळ्यांतील जपणूक. तळ्याच्या कांहीं भागावर सावलीची जाळी टाकावी. विहिरीचें पाणी असल्यास तें रात्रीं व पहाटे फवाऱ्यानें सोडावें. गारवा व प्राणवायु दोन्ही त्यानें मिळतात. सूक्ष्म शेवाळें वाढावीं म्हणून हिंवाळ्यांत शेणखत देतात. तें चैत्रापासून बंद करावें, कारण ऊन पाण्यांत कुजतांना तें प्राणवायु खातें. पिशव्यांत गर्दी करूं नये. स्पर्श केला असतां कवच चटकन न मिटणारा, तोंड वासून राहणारा शिंपला ताबडतोब काढून टाकावा. एक कुजलेला शिंपला शेजारच्यांचें पाणी बिघडवितो.

शेवटीं नदीसंबंधानें दोन शब्द. नद्यांतील शिंपले सरसकट उपसून तळ्यांत भरणें हें दुहेरी नुकसान आहे. त्यांचीं पिलें आरंभीं माशांच्या कल्ल्यांस किंवा परांस चिकटून वाढतात. मासे व शिंपले यांचा हा संबंध तुटला व वाळूउपशानें डोह बुजले, तर पुन्हा बीज मिळणें कठीण. शिवाय हेच प्राणी रात्रंदिवस आपल्या नदीचें पाणी गाळीत असतात.

मोत्यांची शेती करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. खोल, बारमाही व उन्हाळ्यांत न उपसलें जाणारें तळें ज्याच्यापाशीं आहे, त्यानें ती अवश्य करून पाहावी. परंतु मोती विकत घेण्याची हमी कोणी लिहून दिली तरी वैशाखाची हमी कोणी देत नाहीं. ती आपल्या तळ्याच्या पाण्याकडूनच घ्यावी लागते. यासाठीं शिंपल्यांवर पैसा घालण्यापूर्वीं एक उष्णतामापक घ्यावा, आणि येत्या उन्हाळ्याचीं टिपणें ठेवावीं. तीं टिपणें आपल्या संघांत एकमेकांस दाखविलीं, तर खानदेशांतील कोणतीं तळीं या कामास योग्य व कोणतीं अयोग्य, हें दोन-तीन वर्षांत सर्वांसच स्वस्तांत कळेल, एवढें सुचवून हा लेख पुरा करितों.